ऐकू न येणाऱ्या सहकाऱ्याची बढती आणि माझ्या ड्रॉवरमधलं नकारपत्र

आस्थापना_टेबल यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात मी कार्यालयीन अधीक्षक आहे. नोकरीला सत्तावीस वर्षं झाली, त्यातली एकोणीस आस्थापनेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बढत्यांच्या टेबलावर. गावाचं नाव सांगत नाही, कृष्णाकाठचं आहे एवढं पुरे. प्रश्न नुसता नियमांचा असता तर उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातल्या ओळखीच्या बाईंना फोन करून मोकळी झाले असते.

आमच्याकडे एक कनिष्ठ लिपिक आहेत. २००९ साली अपंगांच्या राखीव जागेवर, कर्णबधिर म्हणून लागले. जन्मापासून ऐकू येत नाही. बोलतात थोडं, पण ते घरच्यांनाच कळतं. हेडक्लार्क म्हणजे मोठे भाऊसाहेब, म्हणून हे आमचे धाकटे भाऊसाहेब. सुरुवातीला आवक-जावक दिली होती, कारण 'तिथे बोलावं लागत नाही'. मग सेवापुस्तकं त्यांच्याकडे गेली आणि नंतर सेवार्थ या शासनाच्या पगारप्रणालीतली पगारबिलं. सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती झाली तेव्हा आम्ही चौसष्ट सेवापुस्तकं पडताळणीला पाठवली. त्रुटी काढून दोन परत आली. दोन्ही मी लिहिलेली होती.

आता वरिष्ठ लिपिकाची एक जागा रिकामी झाली आहे. ज्येष्ठता यादीत पहिलं नाव यांचं. गोपनीय अहवाल चांगले, विभागीय चौकशी नाही, बाकी सगळी अर्हता पूर्ण. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, त्या टेबलावर फोन आहे. विद्यार्थ्यांची खिडकी आहे. कसं करायचं?" साहेब वाईट नाहीत हो. यांच्या मुलीच्या ऑपरेशनच्या वेळी स्वतःच्या खिशातून पैसे दिलेले आहेत. पण मदत करणं आणि खुर्ची देणं या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या खणांत आहेत. मग संस्थेच्या सचिवांचा निरोप आला, की त्यांच्याकडून 'मला पदोन्नती नको' असं लिहून घ्या, म्हणजे पुढच्याला देता येईल आणि कुणाची तक्रार राहणार नाही. कागद टाइप करूनच आला होता. सही तेवढी घ्यायची होती.

मी तो घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. ते बिलाची बेरीज मारत होते. हिशेब कॉम्प्युटरवर झाला तरी पेन्सिलीने एकदा उभी बेरीज मारतात, सवयच आहे. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी वाचला. पुन्हा वरपासून वाचला. मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे 'हे कुणी लिहिलं?' मला उत्तर देता आलं नाही. खुणेनं नाही आणि लिहूनही नाही. त्यांनी कागद नीट चार घड्या करून माझ्याच हातात दिला आणि बेरीज जिथे सोडली होती तिथून पुढे मारायला लागले. त्याला चार दिवस झाले. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

एक बारीकशी गोष्ट सांगते, विषयाला धरून आहे का ते तुम्हीच ठरवा. साहेबांची घंटा वाजली की बाकीचे उठतात, यांना कळत नाही. आमचे शिपाईमामा आधी येऊन खांद्यावर थाप मारायचे. दचकायचे बिचारे. मग मामांनीच वायरमनला गाठून घंटेच्या वायरला एक छोटा लाल दिवा जोडून घेतला आणि यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावला. खर्च दीडशे रुपये, किरकोळमधून. सातवी पास माणसाला हे सुचलं. आम्हा पदवीधरांना नाही. आणि नॅक या महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या वेळी सातव्या निकषासाठी आम्ही 'दिव्यांगस्नेही परिसर' म्हणून रॅम्पचे जिओटॅग फोटो चढवले होते. रॅम्पवर सध्या कुंड्या आहेत.

तर, या बढतीची टिप्पणी, म्हणजे मंजुरीसाठी वर जाणारं कार्यालयीन टिपण, कशी लिहू? मी अधीक्षक आहे, प्राचार्य नाही, नेमणूक अधिकारीही नाही. माझ्या हातात फक्त टिप्पणी. आणि तो कागद परत पाठवला तर माझी निवृत्तीआधीची शेवटची पाच वर्षं कशी जातील तेही दिसतंय.

---

माजी_उपकुलसचिव, नागपूर

ताई, पहिली गोष्ट: तो कागद फाइलला लावू नका आणि फाडूही नका. ड्रॉवरला कुलूप लावा.

आता नियम. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, लागू १९ एप्रिल २०१७. कलम २०, पोटकलम ३: केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून कुणालाही पदोन्नती नाकारता येत नाही. एका ओळीचं पोटकलम आहे, त्याला पोटभेद नाहीत. तुमचे सचिव म्हणतील, हे सरकारी खात्यांना, आमची तर संस्था. त्यांना त्याच कायद्यातली 'शासकीय आस्थापना'ची व्याख्या दाखवा. शासनाच्या मालकीची, नियंत्रणाखालची किंवा शासनाचं अनुदान घेणारी संस्था, तिन्ही त्यात येतात. पगार सेवार्थमधून घेता ना? मग संपलं.

पोटकलम २ तर त्याहून कामाचं. तिथे वाजवी सोयीसुविधा देण्याची जबाबदारी आस्थापनेवर टाकली आहे. म्हणजे 'फोन कसा घेणार' हा प्रश्न त्या कर्मचाऱ्याला विचारायचाच नाही. फोनची सोय काय करणार, हे साहेबांनी सांगायचं. प्रश्नाचं तोंड फिरवा, टिप्पणी आपोआप लिहून होईल.

आणखी तीन ठिकाणी तुमचं महाविद्यालय उघडं पडतं का बघा. कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण करून दिव्यांगांच्या राज्य आयुक्तांकडे नोंदवलंय का? (कार्यालय पुण्यात आहे.) कलम २२ प्रमाणे दिव्यांग कर्मचाऱ्यांची नोंद ठेवली आहे का? कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलाय का? त्याच्याकडे तक्रार आली की नोंदवहीत घेऊन दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. माझ्या नोकरीत मी शंभरेक महाविद्यालयांच्या स्थानिक चौकशी समित्यांवर गेलो असेन. ही नोंदवही मला दोन ठिकाणी दिसली, आणि दोन्ही कोऱ्या. दंड पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास हजार ते पाच लाख. पहिला आकडा लहान आहे, पण टिप्पणीत 'दंड' शब्द दिसला की सचिव लोक चष्मा पुसून वाचतात, हा स्वानुभव.

पदोन्नतीत दिव्यांग आरक्षणाचा मुद्दा यात आणूच नका. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा सिद्धराजू निकाल आहे, मग २०२१ चा लिसम्मा जोसेफ आहे, पण तुम्हाला त्याची गरज नाही. तुमचा माणूस ज्येष्ठतेनं पहिला आहे. आरक्षण म्हटलं की साहेब बिंदुनामावली, म्हणजे राखीव जागांची नोंदवही, मागवतील, ती मावक म्हणजे मागासवर्ग कक्षाकडून तपासून आणा म्हणतील आणि दीड वर्ष जाईल.

टिप्पणीत शेवटी दोनच पर्याय ठेवा. (अ) ज्येष्ठतेनुसार पदोन्नतीस मान्यता व सोबतच्या कामवाटपास मान्यता. (ब) मान्यता नसल्यास कारणे लेखी नमूद व्हावीत. (ब) वर सही करणारा प्राचार्य मी अजून पाहिला नाही.

---

लेखापाल_७५, मराठवाडा

वाईटपणा मी घेतो. वरचे सर कायदा बरोबर सांगतात, पण आदेश निघाल्यावर काय होतं ते मी बघितलंय.

आमच्या आधीच्या कॉलेजात असंच झालं. अंध कर्मचारी, ज्येष्ठतेनं बढती, संघटनेनं जोर लावला, आदेश निघाला, पेढे वाटले. आणि मग त्याला टेबलच दिलं नाही. खुर्ची दिली, खिडकीजवळ, वारा चांगला यायचा. काम दुसरा करायचा, सही हा. दुसरा सगळ्यांना सांगत फिरायचा, पगार त्याला आणि बैलासारखा राबतो मी. दोन वर्षांनी त्या माणसानं स्वतः अर्ज केला, मला जुन्या जागी पाठवा. सगळे म्हणाले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो का!

म्हणून अधीक्षक मॅडम, बढतीच्या आदेशाआधी कामवाटपाचा आदेश तयार ठेवा. कोणतं रजिस्टर कुणाकडे, खिडकीवर कोण, फोनवर कोण, सगळं पदनाम घालून. आणि जो कनिष्ठ खिडकीवर बसणार त्याच्याकडचं काहीतरी काढून यांच्याकडे द्या, नाहीतर तोच पहिला विरोधक होईल. यादीत दोन नंबरला कोण आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तो ऑफिसातच बसतो ना? सचिवांना तो कागद टाइप करून द्यायची कल्पना आकाशातून सुचलेली नाही.

फोनचं म्हणाल तर हसू येतं. सहसंचालक कार्यालयाचा फोन आता येतो कुठे? व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतं, 'आज ४ पर्यंत माहिती भरावी, अतितातडीचे', खाली शीट. ते वाचायला कान लागत नाहीत. मी तर म्हणतो बहिऱ्या माणसाला त्या खात्याचा जास्त फायदा, निदान त्यानंतरचे ओरडायचे फोन तरी चुकतात.

---

पांढरी_काठी, मुंबई

मी सहायक प्राध्यापक आहे, पूर्ण अंध, राज्यशास्त्र शिकवतो. मुलाखतीत मला विचारलं होतं, "फळ्यावर कसं लिहिणार?" मी म्हणालो, आजवर माझ्या कोणत्याही चांगल्या प्राध्यापकानं फळ्यावर तारखेपलीकडे काही लिहिलेलं मला मित्रांनी सांगितलेलं नाही. नशीब, विषयतज्ज्ञ हसले.

ताई, तुमची पोस्ट दोनदा ऐकली. मामांचा दिवा ऐकून बरं वाटलं. पण एक विचारतो, रागावू नका. त्यात प्राचार्य बोलतात, सचिव बोलतात, मामा करून दाखवतात, तुम्ही बोलता. धाकटे भाऊसाहेब भुवया उंचावतात आणि कागदाची घडी घालतात. त्यांना काय हवंय? बढती हवीय का? खिडकी हवीय का? १६ वर्षं शेजारी बसणाऱ्या माणसाला तुम्ही हे कशानं विचारता, खुणेनं, चिठ्ठीनं, की त्यांच्या ऐवजी त्यांच्या भावाला फोन करून? नकारपत्राच्या दिवशी तुमच्याकडे उत्तर नव्हतं म्हणता. भाषा नव्हती, असं तर नाही?

माझ्याकडचं उदाहरण देतो. आमच्या ऑफिसातून परिपत्रकं ईमेलनं येतात, मला कळावं म्हणूनच येतात, हेतू उत्तम. पण टाइप केलेली असतात श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये, नाहीतर छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून. माझा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, पहिलं इंग्रजी अक्षरांची खिचडी करून वाचतो आणि दुसऱ्याला म्हणतो, 'रिकामं पान'. तीन वर्षं मी तक्रार केली. मग एक नवीन लिपिक मुलगी आली. तिनं एकदा माझ्याजवळ बसून ते यंत्र वाचतं कसं ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं युनिकोडमध्ये. पैसे लागले नाहीत, ठराव लागला नाही. ती दहा मिनिटं बसली.

फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं गूगलचं ॲप आहे, मराठी बोललेलं लिहून दाखवतं. चुका करतं, बाहेर गोंगाट असला की फारच. पण समोरासमोर, खोलीत, चालतं. आणि त्यांना खुणांची भाषा येते का हे आधी विचारा. बऱ्याच जणांची शाळा ओठ वाचायला शिकवणारी होती. खुणा येत असतील तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे दुभाष्याची चौकशी करता येईल. येत नसतील तर दुभाषा आणून उपयोग नाही, तो फक्त फोटोत चांगला दिसतो.

---

आस्थापना_टेबल

सर, लागलं. खरं आहे म्हणून जास्त लागलं. त्यांच्या भावालाच फोन केला होता मी. पोस्ट लिहिण्याच्या आदल्या रात्री.

आणि लेखापालसाहेब, दोन नंबरचा माणूस खिडकीवरच बसतो. तुम्ही ऑफिस न बघता ओळखलंत.

---

लीड्सकर, इंग्लंड

मी इथल्या एका विद्यापीठात मनुष्यबळ विभागात आहे, मूळची सांगलीची, म्हणून राहवलं नाही. इथे २०१० च्या समानता कायद्यात अशीच वाजवी सोय देण्याची सक्ती आहे, आणि दुभाष्याचा वगैरे खर्च बऱ्याचदा 'ॲक्सेस टू वर्क' या सरकारी योजनेतून मिळतो. तरीही वरिष्ठ पदाची जाहिरात आली की 'उत्तम संवादकौशल्य आवश्यक' ही ओळ असतेच, आणि तिचा अर्थ प्रत्येक जण 'तोंडानं बोलणं' असाच घेतो. मी ती ओळ खोडायला लागले तेव्हा विचारलं गेलं, मग माणूस कसा पारखायचा? म्हटलं, कामात जे करायचंय ते लिहा. सेवापुस्तक बिनचूक लिहिणं हे संवादकौशल्यच आहे की! तुमच्या प्रमाण संहितेत, म्हणजे सेवाशर्तींच्या नियमांत, वरिष्ठ लिपिकाला फोन घेता आला पाहिजे असं कुठे लिहिलंय का, तेवढं बघा.

---

माजी_उपकुलसचिव

नाही लिहिलेलं. १९८४ च्या संहितेचं माझ्याकडचं पुस्तक पानं सुटेपर्यंत वापरलंय. अर्हता आहे, अनुभव आहे, ज्येष्ठता आहे. फोन नाही. सांगलीच्या ताईंनी नेमकं बोट ठेवलं. टिप्पणीत घाला.

---

आस्थापना_टेबल (नऊ दिवसांनी)

काय झालं ते सांगते. उशीर झाला, पगारबिलं होती.

शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी, ते आणि मामा थांबलो. मोबाइल मधे ठेवून ते ॲप लावलं. मी म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्हाला बढती हवी आहे का?" मोबाइलनं लिहिलं, 'भाऊसाहेब तुम्हाला भरती हवी आहे का'. ते हसले. पहिल्यांदाच इतके मोठ्यानं हसताना ऐकलं. मग ॲप बाजूला सारून सरळ कॉम्प्युटरवर कोरी फाइल उघडली, कीबोर्ड त्यांच्यापुढे, मग माझ्यापुढे, असं दीड तास. मराठी टायपिंग त्यांचं माझ्या दुप्पट वेगानं, मला हे माहीत होतं तरी शरम वाटली.

बढती हवीच आहे. २००९ मध्ये लागले तेव्हापासूनची तारीख न् तारीख त्यांनी मोजली आहे. इतरांची वेतननिश्चिती करताना स्वतःची आकडेमोड प्रत्येक वेळी मागच्या पानावर केलेली, ती पानं दाखवली. खिडकीबद्दल विचारलं तर लिहिलं, 'खिडकीवर मुलं चिठ्ठी देतील. आताही अर्धी मुलं कानात वायर घालूनच येतात.' फोनबद्दल लिहिलं, 'फोन तर तुम्हीपण उचलत नाही मॅडम. मामा उचलतात.' मामांनी हे वाचून घ्यायला लावलं आणि तेही हसले. खरंच आहे, मामाच उचलतात.

पण ज्या गोष्टीवर त्यांनी पानभर लिहिलं ती माझ्या कुठल्याच टिप्पणीत नव्हती. दर महिन्याच्या कर्मचारी सभेचं इतिवृत्त. त्यावर ते सोळा वर्षं सही करतायत. 'हजर' म्हणून. सभेत काय झालं ते त्यांना इतिवृत्त हातात आल्यावर, म्हणजे आठ-पंधरा दिवसांनी कळतं, आणि तोवर सगळं ठरलेलं असतं. २०२३ च्या फेब्रुवारीतल्या संपाचंही तसंच. सकाळी ते आले आणि गेटवर सगळे बसलेले. फलक त्यांच्या हातात दिला गेला, म्हणून त्यावर वाचलं की संप कशासाठी आहे. त्यांनी लिहिलं, 'मी घोषणेचा फलक धरला होता, फोटोत पुढे आहे.' तो फोटो आमच्या नोटीस बोर्डावर वर्षभर होता. फलक मीच त्यांच्या हातात दिला होता.

सोमवारी टिप्पणी घातली. कलमं, संहिता, ज्येष्ठता यादी, कामवाटपाचा मसुदा, (अ) आणि (ब). खिडकीवरच्या दोन नंबरच्या माणसाकडची शिष्यवृत्तीची पडताळणी काढून धाकट्या भाऊसाहेबांकडे दाखवली आहे. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी विचारायला आला, शिष्यवृत्ती नक्की जाणार ना? सोबत दुसरी छोटी टिप्पणी: सभेचा विषय आदल्या दिवशी लेखी द्यायचा, सभा चालू असताना इतिवृत्त प्रोजेक्टरवर टाइप व्हायचं, सगळ्यांना दिसेल असं. नकारपत्राबद्दल सचिवांना एका ओळीचं पत्र पाठवलं, 'संबंधित कर्मचारी पदोन्नती नाकारू इच्छित नाहीत'. त्यांचा अजून काही निरोप नाही. साहेब मात्र जिन्यात भेटले तेव्हा नेहमीसारखं 'काय मॅडम' म्हणाले नाहीत.

काल फाइल खाली आली. बढतीच्या टिप्पणीवर (अ) नाही आणि (ब) पण नाही. हिरव्या शाईत शेरा, 'चर्चा करावी'. उपकुलसचिव सर, हे तुमच्या अनुभवात बसतं का माहीत नाही. मी त्याखाली लिहिलं, 'आदेशानुसार चर्चा गुरुवारी दु. ३ वा., संबंधित कर्मचारी उपस्थित राहतील, प्रोजेक्टरची व्यवस्था केली आहे', आणि फाइल मामांच्या हातात दिली. मामा आत गेले. दोन मिनिटांनी भिंतीवरचा लाल दिवा लागला.

साहेबांनी आत मला नाही बोलावलं, त्यांना बोलावलं. ते पेन आणि वही घेऊन गेले. अजून बाहेर आलेले नाहीत, म्हणून हे लिहीत बसले आहे.